पार्वतम्माचा न जेवणारा पाहुणा

नळदुर्गात पार्वतम्माचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. तिच्या घरून कुणी उपाशी गेलं नव्हतं, आणि तिच्या अंगणात कधी माशी दिसली नव्हती. दिवसातून तीनदा ती अंगण झाडायची, एक दिवसाआड शेणानं सारवायची. नव्या सुनांना त्यांच्या सासवा मुद्दाम हे अंगण दाखवायला आणत, आणि त्या बिचाऱ्या सुना पार्वतम्माला मनातल्या मनात शिव्या देत घरी जात.

भाद्रपदातल्या एका सकाळी बलभीम चपराशी वेताची करंडी घेऊन दारात आला. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या रईसाबेगम पलीकडच्या गल्लीत राहत, त्यांच्याकडचा हा चपराशी. बाई तेरा दिवस परांड्याकडे दौऱ्यावर निघाल्या होत्या.

"अम्मा, बाईसायेब म्हणल्या, मिर्झाला तुमच्याकडंच ठिवायचा. दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाय."

पार्वतम्माची मान ताठ झाली. तिनं करंडीचं झाकण उचललं. आत वीतभर लांबीचा, शेपटीची गुंडाळी केलेला हिरवा सरडा बसला होता. त्याचा एक डोळा तिच्याकडे होता आणि दुसरा बलभीमाकडे.

"ह्यो मिर्झा?"

"व्हय. गाडीचे धक्के त्याला सोसत न्हाईत. बाईसायबांनी चार गोष्टी सांगितल्यात." बलभीमानं बोटं धरली. "एक, कोंदट जागी ठिवायचं न्हाय. दोन, सकाळचं ऊन, दुपारची सावली. तीन, पाणी वरनं थेंब थेंब. चार..." चौथं बोट धरून तो तसाच उभा राहिला. "चौथं खायाचं व्हतं. लई सोपं व्हतं. वाटंत येताना याद व्हतं बघा."

"आठव की रं."

"गाडी जुपलीया, अम्मा. आठवलं तर परांड्याहून कागद धाडतो."

"तुला लिवता येतं?"

"न्हाय," म्हणून तो पळाला.

पार्वतम्मा मुळीच घाबरली नाही. लग्नात दोनशे पानं वाढणाऱ्या बाईला एवढ्याशा पोटाची काय काळजी! मानाचा पाहुणा म्हणून तिनं देवघराशेजारच्या कोनाड्यात नवऱ्याचं, शिवप्पांचं, जुनं धोतर घडी घालून अंथरलं आणि मिर्झाला त्यावर बसवलं. घटकाभरात तो तव्याच्या बुडासारखा काळा पडला.

"आत्याबाई, पहिलीच गोष्ट चुकली," तिची सून जगदेवी म्हणाली. जगदेवी सोलापूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. ती कमी बोलायची, पण बोलायची तेव्हा तिचं म्हणणं खोडून काढणं अवघड जाई. "कोनाडा कोंदट हाय. हे झाडावरचं जनावर, त्याला फांदी पायजे."

अंगणाच्या कोपऱ्यात डाळिंबाचं झाड होतं. सकाळी त्यावर ऊन असे, दुपारी भिंतीची सावली. जगदेवीनं मिर्झाला तिथं सोडलं आणि मांजर चढू नये म्हणून बुंध्याला बाभळीचे काटे बांधले. तो पळून जाईल ही भीती पार्वतम्मानं बोलून दाखवली खरी. पण पहिला पाय उचलून तो पुढं टाकावा की मागं, यावर मिर्झानं इतका विचार केला की तेवढ्यात तिची भांडी घासून झाली. मग जगदेवीनं बुडाला भोक पाडलेलं पाण्याचं गाडगं वरच्या फांदीला टांगलं. पानांवर थेंब पडू लागले. मिर्झा हळूहळू हिरवा झाला आणि पानावरचं पाणी चाटू लागला.

शिवप्पा दुकानातून जेवायला आले आणि ती गळती बघून थबकले. "अगं, पिंडीवर अभिषेक चालल्यावानी दिसतंय. बेल वाहायचा का?"

"तुमी गप जेवा."

पाहुण्याला पार्वतम्मानं पहिल्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी गव्हाची गोड हुग्गी केली, तिसऱ्या दिवशी तुपात भिजवलेली शेंगाची पोळी. प्रत्येक वेळी ती वाटी फांदीला बांधायची आणि समोर बसून आग्रह करायची. मिर्झा एक डोळा वाटीकडे लावायचा, एक भिंतीकडे.

"दोन्ही डोळ्यांनी बघ की रं मुडद्या! पोळी हाय ती!"

परत आलेली वाटी शिवप्पांच्या पुढं जायची. चौथ्या दिवशी त्यांनी सदऱ्याचं खालचं बटण सोडलं आणि पाहुणा अजून किती दिवस आहे याची आपुलकीनं चौकशी केली.

शेजारची सिद्धम्मा मधल्या दगडी गडग्यावरून डोकावली. "सोमवार धरत असंल त्यो."

"सलग चार सोमवार?"

"कडक धरत असंल."

पाचव्या दिवशी मिर्झाच्या कमरेची हाडं वर आली. पार्वतम्माचा स्वतःचाही घास उतरेना. आजवर तिच्या हातच्या जेवणाला कुणी नाक मुरडलं नव्हतं, आणि हा जीव तिच्याच दारात भुकेनं मरायला निघाला होता. रईसाबेगमना तोंड कसं दाखवायचं?

"जगदेवी, तुला ठावं असंल तर सांग बाई. काय पायजे त्याला?"

"मी पहिल्या दिवशीच सांगणार होते. तुमी दुधात भाकरी कुस्करत होता." जगदेवीनं आवाज खाली आणला. "तो किडे खातो. जिते किडे."

पार्वतम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "ह्या घरात? इथं आमी मुंगीला साखर घालतो! म्या किडा मारू आणि त्याला वाढू?"

"मारायचा न्हाय. मेलेल्याकडं तो बघत बी न्हाय."

"मग जिता धरून देऊ? ते लई चांगलं व्हय?"

पार्वतम्मा पायरीवर बसली आणि दोन्ही वेळची भांडी घासून होतील इतका वेळ उठली नाही. मग अचानक म्हणाली, "मुंगीला साखर घातली तर पाप न्हाय ना?"

"न्हाय."

"मग माशीला गूळ घातला तर?"

जगदेवीनं सासूकडे पाहिलं. तिला हसू आवरेना.

"हसतीस कशाला? म्या माश्यांना जेवाया बोलवीन. पुढं त्यांचं आणि मिर्झाचं काय हाय ते त्यांनी बघावं."

मिर्झाजवळच्या फांदीला गुळाचा खडा चोपडला गेला. पण दुपार झाली तरी एकही माशी आली नाही. येणार कुठून? तीस वर्षांत त्या अंगणानं माश्यांच्या कित्येक पिढ्यांना हाकलून लावलं होतं.

"आत्याबाई," जगदेवी अगदी हळू म्हणाली, "झाडणं बंद करावं लागंल."

त्या क्षणी पार्वतम्माचा चेहराही मिर्झासारखाच काळवंडला. तिनं झाडूकडे पाहिलं, मिर्झाच्या हाडांकडे पाहिलं, आणि झाडू उचलून माळ्यावर टाकला. शिवाय पिकलेल्या केळ्यांची सालं स्वतःच्या हातानं डाळिंबाखाली पसरली. तेवढ्यानं तिला घाम फुटला.

दुसऱ्या सकाळी पहिली माशी आली. ती गुळावर बसली आणि पाय चोळू लागली. मिर्झाचे दोन्ही डोळे, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, एका जागी वळले. त्याच्या तोंडातून त्याच्याइतकीच लांब जीभ सुटली आणि परत आत गेली. गुळावर कुणी नव्हतं.

"खाल्लं!" पार्वतम्मा ओरडली. "खाल्लं गं माज्या राजानं!" मग तिनं पटकन तोंडावर पदर घेतला आणि माशीसाठी "शिव शिव" म्हटलं.

दोन दिवसांनी जगदेवी म्हणाली की नुसत्या माश्यांवर भागणार नाही, नाकतोडेही हवेत. त्या दुपारी म्हशीसाठी आणलेल्या हिरव्या कडवळाची एक पेंडी डाळिंबाला टेकवून ठेवलेली दिसली.

"ती म्हशीची वैरण हाय," कुणी विचारायच्या आधीच पार्वतम्मा म्हणाली. "त्यात नाकतोडं आलं असतील तर आपल्या पायानं आलं असतील."

मिर्झा भरत चालला. त्याची हाडं बुजली, रंग कोवळ्या पानासारखा खुलला. शिवप्पांची मात्र वाटी बंद झाली. आणि गावात बातमी फिरली. सिद्धम्मा दोन बायकांना घेऊन गडग्याशी आली. "अगं बाई, पार्वतम्माच्या अंगणात माश्या!" ज्या सुनांना हे अंगण दाखवलं होतं, त्या आता आपापल्या सासवांना घेऊन बघायला आल्या. पार्वतम्मा आत जात्याशी तोंड फिरवून बसली. दळायला जात्यात काही नव्हतं, तरी ती ते फिरवत राहिली.

चौदाव्या दिवशी रईसाबेगम स्वतः आल्या. मिर्झा त्यांच्या बाहीवर चढला आणि त्यांनी त्याचं वजन तळहातावर तोलून पाहिलं.

"या अल्ला, कित्ता तगडा हुआ! अम्मा, क्या खिलाये इसको?"

"गूळ घातला बाईसायेब," पार्वतम्मा म्हणाली. कुणाला घातला, ते बाईंनी विचारलं नव्हतं.

बाईंनी अचंब्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. बलभीमाच्या तोंडावर मात्र एकाएकी उजेड पडला. "आठवलं! चौथी गोष्ट..." पार्वतम्मानं त्याच्या हातात लगेच शेंगाची पोळी ठेवली, आणि त्याचं तोंड भरलं.

त्यांना दारापर्यंत पोचवून ती परतली आणि तिनं लगेच माळ्यावरचा झाडू खाली काढला. त्या दिवशी अंगण सात वेळा झाडलं गेलं, दोन वेळा सारवलं गेलं. माश्यांना मात्र जेवणाची सवय लागली होती.

तिसऱ्या दिवशी बलभीम पुन्हा दारात. "अम्मा, मिर्झा गुळाला तोंड लावंना. बाईसायेब इचारत्यात, किती घालायचा?"

पार्वतम्मानं झाडू थांबवला. आजूबाजूला घोंघावणाऱ्या माश्यांकडे तिनं बघितलं आणि एक लांब श्वास सोडला.

"सांग बाईसायबांना, चिमूटभर पुरं. पण आठ दिस अंगण झाडू नगा म्हणावं."