सोमवारची व्हॅन

मित्रांनो, जिच्यात चढताना आपल्याला कुणी पाहू नये असेच प्रत्येकाला वाटायचे, अशी मी एक जुनी व्हॅन आहे. रंग पांढरा, आसने दहा, आणि दार सरकवायचे तर आता दोनदा ओढावे लागते. ओमानमधल्या सोहारजवळच्या एका आवारात मी उभी असते. इथे दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी फिरकत नाही, म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळे करते.

दोन शेजारच्या पालिकांनी मिळून मला घेतले. दारूच्या आणि नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेल्या माणसांवर उपचार व्हावेत, हे दोघींनीही मनावर घेतले होते. एकीकडे रिकामी इमारत होती, पण डॉक्टर नव्हते. दुसरीकडे डॉक्टर होते, पण त्यांना बसायला जागा नव्हती. मग दोघींनी वर्षभराचा करार केला, केंद्र उघडले आणि माणसांना तिथवर आणायचे काम माझ्याकडे आले.

या मुलखातली माणसे फार अदबीची. दारात दोघे समोरासमोर आले की 'तफद्दल, आधी तुम्ही' म्हणण्यातच आतला चहा निवून जातो. माझ्या अंगावर आधी कुणाचे नाव लिहायचे, यावरही तेच झाले. दोन्हीकडचे साहेब म्हणत, आधी शेजाऱ्यांचे. शेवटी माझ्या उजव्या बाजूला एकीचे नाव वर आले आणि डाव्या बाजूला दुसरीचे. त्याखाली हातभर निळ्या अक्षरांत, अरबीत आणि इंग्रजीत लिहिले, 'व्यसनमुक्ती उपचार सेवा'. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मीही फुगले होते, खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले, तर एकही माणूस चढला नाही. जो तो माझ्याकडे पाहायचा आणि दुसऱ्या वाटेने जायचा.

माझा चालक जहूर. रत्नागिरीकडचा, पंचवीस वर्षे या देशात गाड्या हाकलेला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिल्यावर चढेल कोण? उद्या मालकाच्या, अर्बाबच्या कानावर गेलं की नोकरी खलास."

मग त्यानेच तोड काढली. दर सोमवारी सकाळी तो मला भाजीबाजाराच्या मागे, कांद्याच्या दोन ट्रकांच्या मध्ये घालू लागला. माणसे हातात भाजीची पिशवी घेऊन यायची आणि हळूच आत शिरायची. कुणी विचारलेच, तर बाजारला गेलो होतो म्हणायचे. बिचारे खरोखरच भाजी घ्यायचे. माझ्यात कोथिंबिरीचा वास भरून राहायचा आणि कॅम्पमधल्या काही खोल्यांत खाऊन संपणार नाहीत इतके कांदे साठले होते.

या पिशवीवाल्यांत उत्तम होता. गुहागरकडचा वेल्डर. हात असा सफाईदार की त्याचा जोड शोधूनही सापडत नसे, असे जहूर सांगायचा. पण दारूने ते हात थरथरू लागले होते. फोरमनने एकदा समज दिली होती, पुन्हा असे दिसले तर सरळ घरी पाठवीन. गावी बायको आणि शिवांगी नावाची मुलगी होती. केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला बारा सोमवार सांगितले होते, आणि तेही न चुकता. सोमवारी त्याची पाळी दुपारची असायची, तेवढे बरे होते.

तो नेहमी सगळ्यांत मागे, खिडकीचा पडदा ओढून बसायचा. जहूरशी मात्र बोलायचा. सातव्या सोमवारी उतरताना त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "जहूरभाई, बघा. थरथरत नाहीत."

"माशाल्ला. अजून पाच राहिले. यल्ला, उशीर होतोय," जहूर म्हणाला. पण आरशात मला दिसले, त्याचे डोळे भरून आले होते.

आणि त्याच आठवड्यात पालिकांचा करार संपला.

भांडण नव्हते हो. करार वाढवायला दोघीही एका पायावर तयार होत्या. नुसत्या दोन सह्या हव्या होत्या. पण पहिल्या सहीचा मान शेजाऱ्यांचा, म्हणून एका साहेबांनी कागद पलीकडे पाठवला. तिकडच्या साहेबांनी गोड पत्र जोडून तो परत केला, मान तर तुमचाच. असा तो कागद तीन आठवडे इकडून तिकडे हिंडत होता. सही नाही म्हणून केंद्राला कुलूप, माझी किल्ली कपाटात आणि जहूर झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरवर. मी आवारात उन्हात तापत उभी होते. सोमवार आला की माझा जीव खालीवर व्हायचा. बाजारामागे उत्तम पिशवी घेऊन उभा असेल, हे मला ठाऊक होते, आणि मला जागचे हलता येत नव्हते.

जहूर दुपारची भाकर खायला माझ्या सावलीत यायचा आणि तिथूनच उत्तमला फोन लावायचा. "पुढच्या सोमवारी नक्की, इन्शाल्ला," असे त्याने दोनदा सांगितले. तिसऱ्या सोमवारी फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

चौथ्या सोमवारी सह्या झाल्या. आम्ही धावत बाजारामागे पोचलो. पाच जण चढले. उत्तम नव्हता. अर्धा तास थांबून जहूरने त्या पाचांना केंद्रावर सोडले आणि मला कॅम्पच्या रस्त्याला घातले. त्याने मला थेट फाटकातून आत नेले आणि उत्तमच्या खोलीपुढे उभे केले, अंगावरच्या सगळ्या अक्षरांसकट. माणसे बाहेर येऊन बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तीन दिवस कामावर गेला नाही तो," खोलीतला एक जण म्हणाला. "उठत पण नाही."

"त्याला सांग, जहूर आलाय. आणि तो आल्याशिवाय जाणार नाही."

बऱ्याच वेळाने उत्तम दारात आला. दाढी वाढलेली, हात पुन्हा थरथरत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, जमलेल्या माणसांकडे पाहिले. मला वाटले, आता आत वळतो. पण तो आला, दार स्वतः सरकवले, आणि मागे न जाता पुढे जहूरच्या शेजारी बसला.

केंद्रावर अमरीन मॅडम समुपदेशक होत्या. जन्म मस्कतचा, मराठी अडखळत बोलायच्या. उत्तम मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सातही सोमवार वाया घालवले मी."

"वाया कसे? तुम्ही आलात ना. दॅट इज इनफ. आज पहिला सोमवार," त्या म्हणाल्या.

फोरमनला सगळे कळले. अमरीन मॅडमच्या चिठ्ठीमुळे नोकरी वाचली, पण कितीतरी महिने उत्तमला वेल्डिंगऐवजी भांडारात बसवले. त्याने नव्याने बारा सोमवार पुरे केले. तेराव्या सोमवारी त्याची जागा रिकामी होती, आणि ती तशीच राहावी असे मला मनापासून वाटले.

पुढे नवी गाडी आली. जहूर गावी जायच्या आधी शेवटचे मला गॅरेजमध्ये नेत होता. सिग्नलला थांबलो, तर आइस्क्रीमच्या दुकानापुढे उत्तम. अंगाने भरलेला. बायको आणि शिवांगी भेटीला आल्या असाव्यात. त्याने आम्हाला पाहिले. जहूरने हात वर केला. उत्तमने मान फिरवली आणि मुलीला घेऊन दुकानात शिरला.

जहूरचा हात खाली आला. "बरं झालं," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटताच त्याने गिअर टाकला. उत्तमने ओळख दाखवू नये यातच त्याचे भले आहे, हे मला कळते. पण कळले म्हणून दुखायचे थोडेच थांबते?

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या साहेब होईल. टेबलावर कागद आला, तर दुसऱ्याने आधी सही करावी म्हणून थांबू नका. कुणीतरी उन्हात उभा राहून त्या कागदाची वाट पाहत असतो. आणि माझ्यासारखी गाडी कुणाच्या दारात थांबलेली दिसली, तर कोण चढतो ते बघत उभे राहू नका. त्याला चढू द्या.