पहिला शो कुणाचा

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला दादरच्या जुन्या थिएटरात 'अग्निघाट'चा तिसरा आणि शेवटचा भाग लागणार होता. आणि त्याच शुक्रवारी, त्याच सव्वानऊला, लोअर परळच्या मॉलमध्ये 'नाईन ऑर्बिट्स'चा नववा. एवढी एक गोष्ट सोडली तर प्रितीच्या घरात सगळं आलबेल होतं.

पहिल्याचं तिकीट प्रितीकडे होतं, दुसऱ्याचं तिच्या नणंदेकडे, अपूर्वाकडे. आणि दोघींच्या मध्ये होता आठ महिन्यांचा अभय. नवरा धम्मपाल पालिकेच्या पाणीखात्यात, त्याची सकाळची पाळी. सासूबाई बकुळाबाई हॉस्पिटलात आया, त्यांचीही सकाळचीच. राहता राहिले सासरे. रामजीबाबांचा नातवावर जीव होता, पण कान ते गिरणीला देऊन बसले होते. बावीस वर्षं सूतकताईच्या रिंगखात्यात, यंत्रांच्या गोंगाटात काढलेली. पोर रडतंय हे त्यांना दिसलं तरच कळायचं.

"एकीने दुपारचा शो बघा की," असं धम्मपालने सुचवून पाहिलं. त्यावर बायकोने आणि बहिणीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गपचूप डबा घेऊन निघाला. पहिला शो म्हणजे काय हे त्या बापड्याला कुठून कळणार! बारा वाजले की फोनवर सगळा कारभार उघडा. कोण मेलं, कोण जगलं, कोण कुणाचा बाप निघाला. फोन बंद ठेवला तर जिन्यातली पोरं ओरडून सांगणार.

आणि प्रितीने आजवर अग्निघाटचा एकही पहिला शो चुकवला नव्हता. पहिला भाग कॉलेज बुडवून पाहिला. दुसरा पाहिला तेव्हा सातवा महिना चालू होता. सासूबाई नको म्हणतील म्हणून डॉक्टरकडे जाते असं सांगून गेली, आणि परत आली तेव्हा घसा बसलेला. "कसला डॉक्टर गं हा, आरडाओरडा करायला लावणारा?" बकुळाबाईंनी विचारलं होतं. त्या भागाच्या शेवटी राणी अवनी तान्ह्या मुलाला पाठीशी बांधते आणि पेटलेल्या किल्ल्याच्या बुरुजावरून खाली नदीत उडी टाकते. पडदा काळा. बस. त्यानंतर अभय झाला, आणि प्रिती थिएटरची पायरी चढली नाही. पोराला पाजता पाजता मात्र ती रोज विचार करायची. नदीत पडल्यावर पाठीवरच्या बाळाच्या नाकातोंडात पाणी गेलं असेल का? बाईने वर यायला किती वेळ घेतला असेल?

बुधवारी दुपारी अभय झोळीत झोपला होता, आणि दोघी मेथी निवडत दबक्या आवाजात भांडत होत्या.

"वहिनी, खरं सांग, तुझ्या अग्निघाटमध्ये आहे काय? तेच घोडे, तेच किल्ले. दोन भाग मिळून एक बाई एक नदी पार करते."

"आणि तुझ्यात? मेलेला माणूस पुढच्या भागात आरामात चहा पीत बसलेला असतो. मग मी रडू कशाला?"

"अगं ते दुसरं विश्व असतं! टाइमलाइन वेगळी असते!"

"हो ना. चुकलं की विश्व बदला."

"आमच्यात प्रत्येक भागाला नवा ग्रह, नवा व्हिलन. तुमचा तोच सेनापती, तीन भाग तीच मिशी."

"मिशीवर जायचं नाही हां, अप्पू. ती मिशी पडद्यावर आली की अख्खं थिएटर उभं राहतं. तुम्ही काय करता? पिक्चर संपला तरी बसून राहता, हजार नावं संपेपर्यंत, एका मिनिटाच्या सीनसाठी. झाडूवाले मामा बिचारे शेजारी उभे असतात, उठा आता म्हणून."

"तोच तर खरा सीन असतो!"

"मग आधीचे तीन तास काय दाखवलं, ट्रेलर?"

अपूर्वाने मेथीची काडी फेकून मारली. प्रितीने ती उचलून निवडलेल्या पाल्यात न टाकता देठांत टाकली, कारण भांडण भांडणाच्या जागी आणि भाजी भाजीच्या जागी.

गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या बाबांना शब्द ऐकू येत नव्हते, पण हलणारी तोंडं आणि उडणारी काडी दिसली. "काय चाललंय रे?" त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, झोळी हलली. दोघींनी एकदमच तोंडावर बोट ठेवलं.

अपूर्वाने खुणांनी मामला मांडला. दोन बोटं, दोन पिक्चर. एक झोळी. एकीने घरी थांबायचं, पण कुणी?

बाबा हसले. खुर्ची उचलून आत आले आणि त्यांच्या मते कुजबुजत म्हणाले, "आमच्या खात्यात पण हेच व्हायचं. शुक्रवारी नवा पिक्चर, आणि चौघांना एकदम रजा कोण देणार? मग एकजण जायचा. बाकीच्यांनी त्याची मशीन सांभाळायची. शनिवारी त्याने येऊन सगळ्यांना ष्टोरी सांगायची, काम चालू असताना. आता त्या आवाजात तोंडाचं काय चालणार? हातानी सांगायची. गाणी पण हातानी."

"पण जाणार कोण ते कसं ठरायचं?" प्रितीने ओठ मोठे करून विचारलं.

"मागचा पिक्चर ज्याने चांगला सांगितला तो. ज्याने घोळ घातला त्याला परत कोण पाठवणार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अपूर्वाचे डोळे चमकले. कॉलेजात एकांकिकेत बक्षीस घेतलेली मुलगी ती. प्रितीचं मात्र सगळं बळ जिभेत होतं, आणि इथे जीभच बंद.

"चल, ठरलं," अपूर्वा म्हणाली. "दोघींनी आपापला मागचा भाग हातांनी सांगायचा. बाबा सांगतील ते फायनल. रडायचं नाही."

आधी अपूर्वा. तिने ओढणी कमरेला खोचली आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत अवकाश उभं केलं. मेथीची जुडी म्हणजे सूर्य, स्टीलचे डबे म्हणजे ग्रह. फ्रिजच्या बाजूने ती तरंगत आली. पहिल्या पाच मिनिटांत तिने चार ग्रह संपवले. मग काळ उलटा फिरवायला गेली आणि बाबांचा धागा तुटला. त्यांनी हात वर केला: हा कोण? अपूर्वाने दाखवलं: तोच, पण म्हातारा. आणि तो? तोच, पण लहान. बाबांनी कपाळाला हात लावला. प्रितीला हसू दाबता येईना.

पण मग अपूर्वाने सगळं सोडलं आणि एकच प्रसंग घेतला. यानाला भोक पडलंय. कॅप्टन बाहेर राहतो, काचेपलीकडे त्याची मुलगी. अपूर्वाने हवेत तळवा टेकवला, जणू समोर खरंच काच आहे. मग पलीकडे जाऊन मुलीचा तळवा तिथेच टेकवला. पुन्हा अलीकडे. बापाचा श्वास संपत येतो, हात काचेवरून सावकाश घसरतो. बाबांनी चष्मा काढून पुसला.

संपलं, प्रितीच्या मनात आलं. गेला माझा शो.

तिने सुरुवात केली तीच चुकीची. खरा फॅन चुकतो तिथेच ती चुकली: पहिल्या भागाच्या पहिल्या सीनपासून धरलं. आजोबा राजा, त्याच्या दोन राण्या, थोरलीचा मुलगा, धाकटीचा जावई. हातवारे करून करून खांदे दुखले. बाबांनी जांभई दिली.

"ए पोरी," ते म्हणाले, "कोण कुणाचा कोण, ते ठेव बाजूला. बॉबिन भरत आल्यात, वेळ कमी आहे. बाईला काय पायजे ते सांग."

बाईला काय पाहिजे? प्रिती क्षणभर उभी राहिली. मग तिने हत्ती, तलवारी, मिशी, सगळं टाकून दिलं. भिंतीला पाठ लावली. मागे आग आहे हे तिने नुसतं खांदे आक्रसून दाखवलं. पुढे खोल पाणी. तिने वाकून पाहिलं आणि पटकन डोळे मिटले. हातात बाळ आहे. ते कसं धरायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मानेखाली तळवा, कुल्ल्याखाली दुसरा. बाळ रडू नये म्हणून ती जागच्या जागी डुलते. मागे सैनिक. बाळ रडलं तर संपलं.

बाबांची नजर तिच्या मागे गेली. तिने वळून पाहिलं, तर झोळीच्या काठावर दोन डोळे. अभय कधीचा जागा झाला होता, आणि अंगठा तोंडात घालून आईकडे बघत होता. रडत नव्हता, हसत नव्हता. बघत होता.

प्रितीने विचार केलाच नाही. त्याला उचललं, अपूर्वाच्या कमरेची ओढणी ओढून घेतली, त्याला पाठीशी बांधलं आणि छातीवर गाठ मारली. गाठ दोनदा ओढून पाहिली. अवनीने तीनदा ओढली होती, हे आठवून तिसऱ्यांदा ओढली. मग ती पलंगावर चढली. कडेला उभी राहिली. पाठीवर आठ किलोंचं ऊबदार ओझं, मानेवर लाळ. खाली पाहिलं, हात पसरले, पंजांवर उभी राहिली.

आणि थांबली. तिथेच. भाग दुसरा समाप्त.

"मग?" बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या सुंदराबाई दारात डोकावल्या.

प्रितीने खांदे उडवले.

"मग काय झालं? वाचली का?"

"मला काय माहीत बाबा! तेच तर शुक्रवारी कळणार!"

"हे चीटिंग आहे!" अपूर्वा ओरडली. आता पोर जागंच होतं, आवाजाला बंदी नव्हती. "बाळ वापरलं तिने! माझ्याकडे काय यान होतं का वापरायला?"

"तू चांगलं केलंस," बाबा लेकीला म्हणाले. "तिच्यापेक्षा चांगलं केलंस. माझ्या डोळ्यांतनं पाणी काढलंस. पण तुझा माणूस मेला. झाला निकाल."

"मेला नाही तो! येणार आहे परत!"

"मग येऊ दे ना, घाई काय? ही बाई हवेत लटकलीय." त्यांनी प्रितीकडे बोट दाखवलं. "ही जाईल. आणि ऐक, नियम आहे. आल्यावर एक पण सीन गाळायचा नाही."

संध्याकाळी अपूर्वाने आपलं तिकीट बदलून दुपारी एकचं केलं, फोनमधली सगळी ॲप्स उडवली, आणि वहिनीला बजावलं, "ऑर्बिट्सबद्दल कुणी काही बोलताना दिसलं तरी कानात बोटं घालून ये. माझी शपथ आहे."

शुक्रवारी थिएटरबाहेर ढोलताशा होता. सेनापतीचं एवढं मोठं कटआउट, की नुसती मिशीच दोन माणसांएवढी. प्रितीच्या डावीकडे कॉलेजची पोरं, उजवीकडे ऑफिस बुडवून आलेले टायवाले काका. दिवे गेले. नाव आलं. कागदाचे कपटे तिच्या केसांवर पडले आणि तिचा घसा आपोआप मोकळा झाला.

आणि मग तो काळा पडदा, दहा महिने थांबलेला. पाण्याचा आवाज. काहीच दिसत नाही. थिएटर चिडीचूप. आणि त्या अंधारात तान्ह्या बाळाचं रडणं.

वाचलं! बाळ वाचलं! सगळं थिएटर खुर्च्यांवर उभं राहिलं. काकांनी टाय काढून फिरवला. प्रितीही ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला जाणवलं, छातीशी कुर्ता ओला झालाय. पडद्यावरचं पोर रडलं आणि इकडे हिला पान्हा फुटला. तिने ओढणी पसरून घेतली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

इंटरव्हलला मात्र तिचा धीर सुटला. पायऱ्यांशी येऊन तिने व्हिडिओ कॉल लावला. समोर अपूर्वा, कपाळाला खिमट लागलेलं, आणि कुठूनतरी अभयचा टाहो.

"रडतोय?"

"रडतोय. तुझं काय काम?"

"खिमट खात नाहीये का? दाखव त्याला. दाखव ना गं."

अपूर्वाने फोन फिरवला. आईचं तोंड दिसल्याबरोबर अभयने सूर दुप्पट केला. प्रितीने पर्स खांद्याला लावली. "मी निघते. टॅक्सीने दहा मिनिटं लागतील."

"खबरदार! वहिनी, तुला बघूनच जास्त रडतोय तो. आत्ता गप्प होता, बाबा त्याला पत्र्याचा डबा वाजवून दाखवत होते. तू फोन ठेव, होईल गप्प."

"अगं पण..."

"पण नाही. मी माझा पहिला शो सोडून इथे खिमटात बसलेय, आणि तू अर्ध्यातून उठणार? इंटरव्हलला घरी येणारीला मी वहिनी म्हणणार नाही. आधीच सांगते." मग आवाज खाली आला. "ए... वाचली का गं ती?"

"सांगू?"

"नको!" अपूर्वाने डोळे मिटून घेतले. "सांग. नको, नको. फक्त एवढंच सांग, बाळ?"

प्रिती नुसती हसली. मागे टाहो थांबला होता. डब्याची ठणठण आणि मध्येच एक उचकी ऐकू येत होती.

"कळलं," अपूर्वा म्हणाली, आणि तिने स्वतःच फोन कापला.

आतली घंटा वाजली. प्रिती पायऱ्यांवर क्षणभर उभी राहिली, एक पाय रस्त्याकडे, एक दाराकडे. मग ओढणी नीट आवळून आत धावली, पोरांच्या पायांवरून उड्या मारत आपल्या जागेवर पोचली. "दीदी, सुरू होतंय, बसा ना," मागून कुणीतरी म्हणालं. पण आता बसायचं नव्हतंच. पडद्यावर आधी मिशी आली, मग सेनापती, आणि समोरून नदीतून ओलीचिंब अवनी, हातात वल्हं. प्रितीने दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की टायवाले काका दचकून बाजूला सरकले, आणि मग त्यांनीही मारली.