शहाण्या वाक्यांची वही

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि त्यात मानापेक्षा टिंगलच जास्त होती. बावीस वर्षं चादरी धुणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत खिशातून इंग्रजी पुस्तिका काढून ओठ हलवत बसतो म्हटल्यावर लोक सोडतात होय?

पण मास्तरला इंग्रजी हौसेसाठी नको होतं. वाफेनं त्याची छाती पार कामातून गेली होती. वाफेतून बाहेर पडा, नाहीतर दोन वर्षांत जिनाही चढवणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. बाहेर पडायची वाट एकच, काचेपलीकडची मुकादमाची खुर्ची. तिची मुलाखत इंग्रजीतून व्हायची आणि पंचेचाळिशीनंतर अर्ज घेत नसत. मास्तरला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

तीन वर्षं त्याने नेटानं घासली. रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडायचं आणि तळाशी छापलेलं इंग्रजी सुवचन वहीत उतरवायचं. रविवारी नोकरी-मार्गदर्शनाच्या मासिकातली यशाची वाक्यं. मुलगी वही धरून बसायची आणि हा चिकाटीवर, नेतृत्वावर, संधीवर धडाधड बोलायचा. "घरात मंत्रीच आलाय म्हणायचा," बायको आतून म्हणायची. मुलाखतीचा शर्ट मात्र तिने दोनदा इस्त्री केला.

मुलाखतीच्या खोलीत एक साहेब आणि एक मॅडम होत्या. मॅडमनी सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, "रक्ताचे डाग पडलेल्या चादरी आल्या, तर आधी काय करता?"

मास्तरला प्रश्न शब्द न शब्द कळला. उत्तर तर त्याच्या हातांनाच पाठ होतं. आधी थंड पाणी, कारण गरम पाण्यात घातलं की डाग कायमचा बसतो. 'कोल्ड वॉटर' तर मुलगी बालवाडीत शिकली होती. पण अशा गुळगुळीत टेबलापुढे, कोटातल्या माणसांसमोर, तीन वर्षं जीव आटवल्यावर नुसतं कोल्ड वॉटर म्हणायचं? त्याला लाज वाटली. त्याने अडचणीला संधी मानण्याबद्दलचं लांबलचक वाक्य एका दमात, बिनचूक म्हणून दाखवलं.

मॅडमनी तोच प्रश्न आणखी सोपा करून विचारला. मास्तरला वाटलं, आपलं वाक्य कमी पडलं. मग त्याने चिकाटीवरचं काढलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याचे आभार मानले.

त्याच्यानंतर धुलाईखान्यातली सगळ्यांत लहान, सगळे जिला धाकटी म्हणत, ती गेली. चार वर्षांपूर्वी ती कामावर लागली, तेव्हा तिला सगळं मास्तरनंच शिकवलं होतं. पाच मिनिटांत ती रडवेली होऊन बाहेर आली.

"माझं कसलं इंग्रजी, मास्तर. डागाचं विचारलं. मी कोल्ड वॉटर म्हणाले, आणि गरमला नो, नो. बाकी नुसते हातवारे."

संध्याकाळी फळ्यावर तिचंच नाव लागलं.

घरी मुलगी दारातच उभी होती. काय विचारलं, काय सांगितलंस, सगळं तिने खोदून खोदून काढून घेतलं.

"पण बाबा, ते तर तुला येतं."

"येतं," तो म्हणाला. वही त्याने तिला देऊन टाकली. मागची पानं कोरी होती, गणितं करायला उपयोगी पडणार होती.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी काचेपलीकडून उठून वाफेत आली. तिच्या हातात नव्या नियमांचा इंग्रजी कागद होता.

"मास्तर, एवढं वाचून सांगता का? मला नाही हो अर्थ लागत."

मास्तरने ओल्या हातांनी कागद धरला आणि घडाघडा वाचला, ओळीओळीचा अर्थ सांगितला. पहिलीच ओळ थंड पाण्याची होती. मध्ये त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. धाकटी ती थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली, आणि मग कागद घेऊन काचेपलीकडे गेली.