व्हर्नाची पाच मिनिटं

व्हर्नाने कागदावरची शेवटची ओळ इतकी दाबून खोडली की कागद फाटला.

"शिव्याशाप नकोतच," शेजारी बसलेली जोआन म्हणाली. पीडितांच्या घरच्यांना मदत करायला सरकारी वकिलांच्या कचेरीने तिला नेमलं होतं. "तुमचा मुलगा लायल गेल्यावर तुमचं काय झालं, तेवढं सांगा. पाच मिनिटं आहेत."

"माझं काय व्हायचंय? शाळेत पोरांना बटाटे वाढायची, अजून वाढते."

नऊ वर्षांपूर्वी लायलच्या खुनाचा खटला चालला तेव्हा व्हर्ना अकरा दिवस कोर्टाच्या दाराबाहेर बसून होती. आरोपीच्या वकिलाने तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलं होतं, आणि साक्षीदाराने इतरांच्या साक्षी ऐकायच्या नसतात. तिला बोलावलं मात्र एकदाही नाही. रडणारी आई ज्यूरीच्या डोळ्यांसमोर नको, एवढाच त्यातला कावा. आरोपीची आई आत पहिल्या रांगेत होती. नंतर व्हर्नाने कुणाला काही विचारलं, की "कशाला जिवाला त्रास," म्हणून माणसं विषय बदलत.

आता राज्यात नवा कायदा आला होता. शिक्षा पुरी होण्याआधीच कैद्याला पॅरोलवर सोडायचं, तर त्याआधी मेलेल्याच्या माणसांचं म्हणणं ऐकायलाच हवं.

दोघींना आत बोलावलं. टेबलामागे पॅरोल मंडळाचे तिघे बसले होते. कैद्याला दुपारी वेगळं आणणार होते.

"बोला, मिसेस स्टोल्ट्झ," पिकल्या मिशांचे अध्यक्ष म्हणाले. "हा वेळ तुमचा."

व्हर्नाने कागद पालथा घातला.

"मला बोलायचं नाही, साहेब. ऐकायचंय. माझ्या पोराला मारलं त्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात एक बाई होती. तिची साक्ष तुमच्यापुढच्या त्या खटल्याच्या गठ्ठ्यात असेल. तेवढी वाचा."

जोआनने कपाळाला हात लावला. डावीकडचा सभासद पुटपुटला, "कायद्याने यांना बोलायचा हक्क दिलाय. आपण वाचून दाखवायचं, असं कुठे म्हटलंय?"

"वेळ माझा म्हणालात ना?" व्हर्ना म्हणाली. "मग मी तो कसाही घालवीन."

अध्यक्षांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, बरीच पानं उलटली आणि कोरड्या आवाजात वाचायला लागले.

"प्रश्न: तो शुद्धीवर होता? उत्तर: हो. माझा हात धरून होता. प्रश्न: काही बोलला? उत्तर: म्हणाला, आई तीनला सुटते, दूध घ्यायला इथेच येते. तिला बाहेरच अडवा. हे तिने बघायला नको."

अध्यक्ष थांबले. व्हर्नाचे दोन्ही हात मांडीवर होते, ते तिने एकमेकांत घट्ट धरले. नऊ वर्षं तिला वाटत होतं, पोरगा एकटा गेला.

"किती वेळ उरलाय?"

"दोन मिनिटं."

"मग पुन्हा वाचा. हात धरला होता, तिथपासून."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि या वेळी सावकाश वाचायला सुरुवात केली.