सायलीला बोलू द्या

अंबरीश खापर्डे यांच्या घरात जेवताना एक नियम होता: बोलायचं ते शुद्ध मराठीत. नियम वाईट नव्हता. भोपाळमध्ये वाढणाऱ्या मुलांची मराठी सुटेल, ही काळजी नागपूरहून आलेल्या आपल्यासारख्या कित्येक घरांत असते आणि ती खोटीही नाही. पण सात वर्षांची सायली "आज बहुत मजा आली" म्हणाली, की अंबरीशचा घास हातातच थांबे.

"बहुत नाही, खूप."

"मॅमने हमको..."

"आम्हाला."

मग सायली ताटाकडे बघत बसे. हळूहळू तिने काही सांगणंच सोडून दिलं.

"पोरगी घुमी होत चाललीय," अंबरीश पत्नीला म्हणाले. "त्या शाळेत नुसते खेळ चालतात. मी दाखला काढून आणतो."

"आधी जाऊन बघा तरी," मधुरा म्हणाली. "आणि तिला विचारलंय का कुणी?"

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. अंबरीश शाहपुऱ्यातल्या शाळेत पोचले. दुसरीच्या वर्गशिक्षिका सुलभा मॅडम ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सायली बोलत नाही? इथे तर तिला गप्प बसवावं लागतं. आज वर्गात बसा, मग दाखल्याचं बघू."

मुलं प्रार्थनेहून यायच्या आत त्यांनी अंबरीशना मागच्या कपाटाआड खुर्ची दिली.

वर्ग सुरू झाला तो जमिनीवरच. मुलांनी खडूने घर ते शाळा असा नकाशा काढायला घेतला. कुणीतरी तलाव एवढा मोठा काढला की बाकं सरकवावी लागली. स्टेशनच्या नावावरून भांडण जुंपलं. जुनं हबीबगंज की नवं रानी कमलापति? तेवढ्यात सायलीचा आवाज आला, "मेरे बाबा हबीबगंज बोलते हैं, बोर्डपे दूसरा लिखा है. दोनों लिखो ना!" भांडण मिटलं.

अंबरीश चकित झाले. हीच का आपली घुमी मुलगी?

पुढे राजम्याच्या दाण्यांचे गट करून पाढे झाले. एका गोष्टीचं नाटक झालं, त्यात सायली कोल्हा झाली. मग मॅडमनी पाण्याचा टब मांडला. कोणती वस्तू बुडेल, ते आधी सांगायचं होतं.

"संतरा भारी है, डूबेगा," प्रतीक म्हणाला.

संत्रं वरच राहिलं. सायलीने ते सोलून पुन्हा सोडलं, तर तळाशी गेलं. "देखा? छिलके के अंदर हवा..." बोलता बोलता ती हात पुसायला कपाटाकडे वळली आणि तिला बाबा दिसले.

वाक्य तिथेच तुटलं. आपलं काय चुकलं, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधू लागली. अंबरीशना ती नजर सोसवेना.

ते व्हरांड्यात गेले. मॅडमही बाहेर आल्या.

"ती मला घाबरते," अंबरीश म्हणाले.

"तुम्हाला नाही, चुकायला घाबरते. मीही घरी मराठीच बोलते, तुमची काळजी मला कळते. पण मूल काहीतरी सांगायला धावत येतं आणि आपण त्याला पहिल्याच शब्दाला अडवतो. त्याला वाटतं, माझी गोष्ट कुणाला नकोच आहे. भाषा बोलण्यानेच टिकते, खापर्डेसाहेब. गप्प बसलेल्या मुलाची मराठी तुम्ही जपणार कशी?"

अंबरीश आत गेले आणि टबाशी ओल्या फरशीवर मांडी घालून बसले.

"सायली, संत्र्याचं मला कळलं नाही गं. मला सांगशील?"

तिने टबातलं संत्रं उचललं. मग हळूच म्हणाली, "छिलक्यात हवा असते, बाबा. म्हणून ते तैरतं. छिलका काढला की डूबतं."

तीन दुरुस्त्या अंबरीशच्या जिभेवर आल्या. त्यांनी त्या गिळल्या. "आणि लिंबू?"

मग काय, सायली सुटलीच! लिंबू, खोडरबर, प्रतीकचा डबा, सगळं सांगून झालं. मध्येच थांबून तिने स्वतःच विचारलं, "बाबा, 'तैरतं'ला मराठीत काय म्हणतात?"

"तरंगतं."

"तरंगतं," तिने म्हणून पाहिलं आणि लगेच प्रतीकला शिकवलंही.

दाखल्याची गोष्ट अंबरीशनी त्या दिवशी काढली नाही, पुढेही नाही.

मित्रहो, आपली भाषा मुलांपर्यंत पोचलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आधी मुलाचं बोलणं पुरतं ऐका. ज्याचं ऐकलं जातं, ते मूल योग्य शब्द स्वतः मागायला येतं.