दोन डाव्या बाजू

माझी भावजय आणि मी एकाच शिवणाच्या दुकानात बसतो, आणि आमचं चांगलं पटतं असं म्हणणाऱ्याने आमचं दुकान पाहिलेलं नाही. ती कापते, मी शिवते. काप चुकला की मी ओरडणार, टीप सुटली की ती. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, गिऱ्हाइकांना सांगायचा, "घाबरू नका, भांडण नाही, कामच चाललंय त्यांचं." तिच्या मोठ्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा मी त्या कात्रीने साधा कागद कापला, तर बाईने दोन दिवस अबोला धरला.

मग तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. त्या सगळ्यात ती एकच गोष्ट धरून बसली होती, की परत आपल्या टेबलाशी उभं राहायचं आणि कापायचं. ती आली त्या सकाळी मी टेबल पुसून, कात्रीला धार लावून ठेवली होती.

पण डोकं पूर्वीचं नव्हतं. "वन्सं, ते द्या ना, ते... दोन पायांचं," असं म्हणत ती हवेत बोटं हलवायची. कात्री हा शब्द तिला सापडेना! आधी आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग गळ्यातली टेप ती दुकानभर शोधायला लागली, माप घेऊन टेबलापर्यंत येईस्तोवर ते विसरायला लागली, तेव्हा हसणं बंद झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या उपचारांनी कित्येकींचं असं होतं. बऱ्याच जणींचं हळूहळू सुधारतं, काहींचं रेंगाळतं. तिचं काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही. असल्या उत्तरांचा मला संताप येतो, पण तो काढायचा कुणावर?

तशात शाळेतल्या एका बाईंचा कोट आला. कापडावर मोठी नक्षी, दोन्ही बाजूंना जुळायला हवी. असलं कापड दुमडून कापत नाहीत. पुढची एक बाजू कापायची, कागदी पॅटर्न पालथा करायचा, मग दुसरी कापायची. पालथा करायचं ती विसरली. मी मशीनवर बसले आणि बघते तर दोन्ही बाजू डाव्याच. उजवी नाहीच.

एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी ते तुकडे गुपचूप मशीनखाली सरकवले. ती तपासणीला गेली तशी मी धावत जाऊन तसंच कापड आणलं, तिच्याच कात्रीने अख्खा कोट नव्याने कापला आणि ते दोन तुकडे चिंध्यांच्या पोत्यात तळाशी कोंबले.

काही दिवसांनी उशीत भरायला चिंध्या काढताना ते तिच्या हाती लागले. तिने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"वन्सं, हे कुणी कापलं?"

"मी."

तिने कडेवरून बोट फिरवलं. "तुम्ही कापलं असतं तर कड इतकी सरळ आली असती होय?"

टोमणा अगदी जुना, तिच्या ठेवणीतला. मी हसणार होते, पण ती रडत होती.

"हात माझाच आहे हो, डोकं जाग्यावर नाही." कपड्यांवरून तिने सपाट छातीवर हात ठेवला. "डावी गेली माझी, तर मनात डावीच बसलीय बघा. आणि तुम्ही ओरडायच्या बंद झालात, तिथेच मी समजायला हवं होतं."

"काहीतरीच काय बोलतेस, वहिनी!"

"मग ओरडा ना."

मला जमेना. तिने कात्री उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या. आजपासून तुम्ही कापा. मी इथे उभी राहते, चुकलात की ओरडते. तेवढं तरी येईल मला."

इतकी वर्षं त्या कात्रीसाठी भांडले, पण त्या क्षणी ती हातात घेणं मला नकोसं झालं. टेबलावर कुणाचा तरी सदरा आखून ठेवलेला होता. मी कापायला घेतलं, आणि मुद्दाम खडूची रेघ सोडून बोटभर बाहेर गेले. आता ओरडेल, मग ओरडेल. मी आणखी वाकडं कापलं. तिचा आवाज नाही. मान वर केली तर ती टेबलाकडेच बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"वन्सं," तिने हळूच विचारलं, "काय कापतोय आपण?"

मग मात्र मी ओरडले. "लक्ष कुठे असतं गं तुझं? इथे कापडाचं वाटोळं होतंय आणि तू नुसती बघत उभी!" बाहेरून दादा धावत आला.

वहिनीचा चेहरा उजळला. "आल्या बाई माझ्या वन्सं," ती त्याला म्हणाली.

मी ओरडतच राहिले. थांबले असते तर तिच्यासमोर रडले असते.