आज बोट नाही

मी एक जुना, चाळीस ओळींचा संगणक प्रोग्राम आहे. मित्रांनो, मला फक्त वाचता येते आणि निवडता येते.

बंदराचे कार्यालय येणाऱ्या बोटींची यादी रोज वेबसाइटवर टाकते. संगणकांसाठी तिचे एक साधे रूप असते, त्याला फीड म्हणतात. त्या शेकडो ओळींतून एकाच बोटीची ओळ वेचायची, हे माझे काम. ताईने मला तिच्या वडिलांसाठी लिहिले. ते निवृत्त वेल्डर. ठिणग्यांनी डोळे अधू झालेले. त्या बोटीवर त्यांचा मुलगा खलाशी होता. बापलेकांत सहा वर्षे अबोला होता. पण बोट लागली की वडील धक्क्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत आणि मुलगा वरून त्यांच्याकडे बघत राही. हात मात्र कुणीच हलवत नसे.

"बाबा, एकदा बोला की त्याच्याशी!"

"दिसतो ना? बास झालं."

रोज सकाळी मी ठळक अक्षरांत सांगे. 'आज बोट आहे' दिसले की ते घाईने दाढी करत आणि मला म्हणत, "गुणी आहेस रे." मी सुखावून जाई.

पुढे ताई नोकरीसाठी परगावी गेली. मी चालतो आहे म्हटल्यावर माझ्याकडे कोण बघणार? एके दिवशी बंदरवाल्यांनी फीडमध्ये बोटीच्या नावाआधी येणाऱ्या 'जहाज' या खुणेचे नाव 'नौका' केले. मी जुनीच खूण शोधत राहिलो. बोट आली नाही आणि मला सापडली नाही, यांतला फरक मला कुणी शिकवलाच नव्हता. पाच महिने मी खुशाल लिहीत राहिलो, 'आज बोट नाही.'

तेवढ्या काळात बोट तीनदा येऊन गेली.

मग ताईला भावाचा निरोप आला. "बाबा हल्ली येत नाहीत. बरोबरच आहे, किती दिवस येतील? मी दुसऱ्या बोटीवर जातोय. ती आपल्याकडे येत नाही."

ताई धावत आली. तिने एक शब्द बदलून मला दहा मिनिटांत दुरुस्त केले आणि वडिलांपुढे बसून रडली.

"मला वाटलं, त्यालाच यायचं नसेल," वडील म्हणाले. त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा मुलाचा नंबर लावला. तो बंद होता; ताईचे उत्तरही त्याला पोचले नव्हते. ते अजून रोज लावतात.

मित्रांनो, आम्हाला हवे तेवढे राबवा, पण मधूनमधून उघडून बघत जा. आम्ही 'नाही' म्हणालो, तर एकदा स्वतः धक्क्यावर जाऊन या.